मनोऱ्यावरून दिसणारी बाल्कनी

नोरिनाने अर्ध्या जगाला बोलोन्या शहर दाखवलं, पण स्वतः ते वरून कधी पाहिलं नाही. कारंज्यावरचा नेपच्यून, लाकडी छतात रुतलेले तीन बाण, भिंतीतल्या खिडकीतून दिसणारा कालवा, सगळीकडे ती छत्री उंच धरून पाहुण्यांच्या पुढे. अझिनेल्ली मनोऱ्याच्या दाराशी मात्र छत्री मिटायची. "तुम्ही जाऊन या, मी इथेच आहे," असं म्हणून ती समोरच्या दुकानात कॉफी घेत बसायची.

कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विद्यापीठात नाव असलेला कोणी पदवीच्या आधी हा मनोरा चढला, की पदवी हुकलीच म्हणायची. नोरिनाने ऐन विशीत नाव घातलं होतं. प्रबंध तेवढा राहिला, तोवर मुलगी झाली, आईने अंथरूण धरलं आणि पाहुणे फिरवायचं काम गळ्यात पडलं. आता ती साठीला टेकली होती. विद्यापीठ तिला केव्हाच विसरलं असेल, पण नोरिनाच्या लेखी मनोरा वर्ज्य म्हणजे वर्ज्य.

"अगं, मनोऱ्याला तरी तुझं तोंड आठवतंय का?" तिचा नवरा लेआर्को विचारायचा. कमानींखाली त्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि दुकानात कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. "आम्हा न्हाव्यांचं बरं असतं बाई. ना परीक्षा, ना शाप. मन झालं की चढलो वर! आज निळा टॉवेल वाळत घातला होतास ना? आपली बाल्कनी कशी स्पष्ट दिसते वरून. मी हात केला, तू बघितलंच नाहीस."

"मला दुसरी कामं असतात," नोरिना फणकाऱ्याने म्हणायची. पण ती बाल्कनी तिच्या मनात भरली होती. मग तिने ती पाहुण्यांच्या माहितीतच घालून टाकली. वर गेलात की दक्षिणेला पाहा, हिरव्या दाराची नि लाल फुलांची बाल्कनी दिसेल, ती माझी, तिला हात करा! माणसं धापा टाकत खाली यायची नि सांगायची, हो हो, दिसली, केला हात! जर्मन आले, जपानी आले, सगळ्यांना दिसली. नोरिनाला त्या दिवशी कॉफी जरा जास्तच गोड लागायची.

साठाव्या वाढदिवसाला लेआर्कोने तिच्यापुढे एक खोकं ठेवलं. आत चढणीचे बूट होते, जाड तळाचे.

"हे कशाला?"

"मनोऱ्याला. माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. अजून थोडे दिवस थांबलीस तर मला पाठीवर घेऊन चढावं लागेल तुला."

नोरिनाने बूट कपाटावर भिरकावले आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. तिला राग बुटांचा आला नव्हता. ती आज मनोरा चढली असती तर कोणी अडवणार नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सहन होत नव्हतं. चढली की संपलंच. मग ती विद्यार्थिनी उरत नव्हती, प्रबंध अर्धा टाकून दिलेली एक बाई उरत होती.

तीन दिवस अबोला चालला. चौथ्या दिवशी ती विद्यापीठात गेली आणि पुन्हा नाव घालून आली.

पुढची दोन वर्षं लेआर्कोला धड जेवण मिळालं नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर पुस्तकं, आणि घरोघरी हाताने वळायची ती सारणाची तोर्तेल्लिनी विकतची! विकतची तोर्तेल्लिनी म्हणजे त्या गावात घराण्याची अब्रू जाते. "माझी आई वरून बघत असेल," तो रश्श्यात चमचा फिरवत म्हणायचा. प्रबंधाचा विषय होता, गावातले पुतळे आणि त्यांच्यावरून लोकांनी केलेली थट्टा. "थट्टेवर प्रबंध? मग मार्गदर्शक मीच," असं त्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी तो तिला नेपच्यूनकडे घेऊन गेला. परीक्षेला जाताना कारंज्याला दोन उलटे फेरे मारायचे असतात. तोही गुडघे धरत तिच्या मागून फिरला. बोलता बोलता तिसरा फेरा झाला.

"तीन झाले!" नोरिना मटकन पायरीवर बसली. "लेआर्को, मेल्या, तीन झाले!"

"तिसरा माझ्या गुडघ्यांसाठी होता. तुझ्या खात्यावर दोनच."

ती हसली नाही. उठली आणि चौकाच्या कडेकडेने, पलीकडच्या मोठ्या कमानीखाली जाऊन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या कमानीची गंमत अशी, की एका कोपऱ्यात कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात कान लावणाऱ्याला सगळं ऐकू येतं. लेआर्को लंगडत समोरच्या कोपऱ्यात गेला आणि त्याने भिंतीला कान लावला.

मग आवाज आला. "मला भीती वाटतेय. नापास झाले तर गाव हसेल. म्हातारपणी कुठून हे खूळ डोक्यात घेतलं?"

हे ती त्याच्या तोंडावर जन्मात बोलली नसती.

"गावाचं मला सांगू नकोस," लेआर्को भिंतीला म्हणाला. "निम्म्या गावाचे केस मी कापतो. जो हसेल त्याचा एक कान कमी करीन."

समोरून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग हसण्याचा.

"आणि नोरिना, माझ्यासाठी तरी हो पास. मला वर जायचंय."

"तू तर कायम वरच असतोस!"

"चल, उशीर होतोय," एवढंच भिंतीतून आलं.

नोरिना पास झाली. परीक्षकांनी प्रश्न विचारले तीन आणि तिने उत्तरं दिली पाऊण तास. गाईडबाईला थांबवणार कोण? बाहेर मुलीने तिच्या पांढऱ्या केसांवर पानांचा हिरवा मुकुट घातला, आणि ओळख ना देख अशा पोरांनी तिच्याभोवती नाचत नव्या पदवीधराला चिडवायचं ते नेहमीचं वात्रट गाणं म्हटलं. लेआर्को त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणत होता. मग त्याने पिशवीतून बूट काढले.

"चला डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. तिथे साधी पदवी मिळाली तरी डॉक्टरच म्हणतात.

आत लाकडी जिने भिंतीला धरून वर वर जात होते. नोरिना पुढे, लेआर्को मागे. दर वळणावर तो म्हणायचा, "आता आलंच," आणि काही येत नव्हतं.

"तुला माहीत नाही किती राहिलंय?" तिने विचारलं.

"दर वेळी वाढवतात मेले," तो धापा टाकत म्हणाला.

वर वारा होता. खाली सगळी लाल छपरं, लांब टेकडीवरचं देऊळ, आणि शेजारचा वाकडा बुटका मनोरा अगदी पायाशी. नोरिनाचे डोळे भरून आले. एका हाताने मुकुट धरून ती दक्षिणेला गेली आणि आपली गल्ली शोधू लागली. गल्लीतलं चर्च सापडलं, त्याचं घंटाघर सापडलं. घर नाही. ती कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. घंटाघराने घर पुरतं झाकलं होतं. बाल्कनी तिथून दिसणं शक्यच नव्हतं.

ती सावकाश मागे वळली. लेआर्को भोळा चेहरा करून टेकडीकडे बघत होता.

"लेआर्को. तू आधी कधी आला होतास इथे?"

"असं नक्की..."

"एकदा तरी?"

"नाही."

"पण तुला कुठे बंदी होती रे?"

"नव्हती ना." त्याने खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली, पुसलेली मान पुन्हा पुसली. "एकदा दारापर्यंत आलो होतो, तू हे काम धरलंस त्या वर्षी. तू खाली दुकानात कप घेऊन बसली होतीस. तुला खाली ठेवून वर जाऊन मी बघणार तरी काय होतो?"

नोरिनाने त्याच्या दंडाला जोरात चिमटा काढला.

"आणि ते जर्मन? ते जपानी? सगळ्यांना दिसली होती!"

"पाहुणे लोक, सभ्य असतात बिचारे."

मग ती त्याचा हात धरून कठड्याशी उभी राहिली, आणि दोघांनी मिळून घंटाघराच्या दिशेने हात केला. शेजारी एक परदेशी जोडपं उभं होतं. मुकुटवाल्या म्हातारीकडे बघत त्यांनीही हात केला, आणि मग तिकडे काय आहे असं विचारलं.

"आमची बाल्कनी," नोरिना म्हणाली. "हिरव्या दाराची. दिसतेय ना?"

दोघांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"हो हो," ते म्हणाले, "अगदी स्पष्ट."