दीड वितीच्या वर

तळ्यावर गळ टाकायला येणारे लोक तिला मागून ‘वीतबाई’ म्हणत. नोकरीच तशी होती. धक्क्यावर उभं राहून प्रत्येकाचा मासा मोजायचा. दीड वितीच्या आतला असेल तर खुशाल घरी न्या, कितीही न्या, वरचा असेल तर पाण्यात सोडा. तळ्यात बारके मासे उदंड झाले होते. खायला पुरेना, म्हणून सगळे डोक्याने मोठे आणि अंगाने काडी. बारके काढले तरच उरलेले वाढतील, हे सांगून सांगून तिचा घसा बसला. लोक मान डोलवत आणि बारके परत टाकत. “नुसते काटे! खाणार कोण?” मोठा लागला की मात्र हळूच पिशवीत दडवत.

त्या रविवारी मोठा मासा लागला तो तिच्या वडिलांच्याच गळाला. होड्या दुरुस्त करण्यात बाबांचा जन्म गेला होता. आता हात कापत, पण गळ सुटला नव्हता. अंड्यांनी टम्म फुगलेली मादी, चांगली तीन विती. बाबा लहान पोरासारखे हसत होते.

“बाबा, सोडावी लागेल.”

“गळ गिळलाय गं तिने. रक्त येतंय बघ. जगायची नाही.”

ते तिलाही दिसत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

“आता बघू या हं,” मागून गावातला न्हावी म्हणाला. गेल्याच आठवड्यात तिने त्याच्या पिशवीतला मासा सोडायला लावला होता. “माझाही अर्धमेलाच होता.”

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. दोरा दातांनी तोडला आणि मादीला स्वतःच पाण्यात ठेवलं.

लेक गुडघाभर पाण्यात उतरली. कल्ल्यांत पाणी शिरावं म्हणून मादीला दोन्ही हातांत धरून पुढेमागे हलवत राहिली. पाव तास गेला. हात सैल केला की मादी कुशीवर वळे. शेवटी पांढरं पोट वर आलं ते आलंच. न्हावीसुद्धा हसला नाही. बारक्यांचा घोळका येऊन मेलेल्या मादीला टोचू लागला.

संध्याकाळी तिने आठ बारके तळले. बाबा काटे काढत बसले.

“उद्या याल ना तळ्यावर?”

“बघू. हल्ली नीट दिसत नाही.”

त्यांनी गळाची काठी दुपारीच शेजाऱ्याला देऊन टाकली होती. तिला ते दोन दिवसांनी, शेजारणीकडून कळलं.