आबासाहेबांचा उजवा बूट

मुलीच्या मामानं, चंद्रभाननं, दोन्ही हातांनी बूट धरला, ओसरीच्या खांबाला पाय लावला आणि ओढला. आबासाहेब पाटासकट पुढे सरकले. बूट जागचा हलला नाही.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हनं," आबासाहेबांनी शेरवानीच्या बाहीनं घाम पुसला. "बुटावरूनच पाणी घाला. हैदराबादी चामडं हाय, खराब होत न्हाई."

ओसरी हसली. मुलीची आई धुरपताबाई तेवढी हसली नाही. ती परात मांडून, तांब्या धरून बसली होती. तिनं मुलाच्या बापाचे पाय धुतल्याशिवाय सुपारी फुटायची नाही, ही त्या घराची रीत.

आबासाहेबांना बूट काढायचाच नव्हता. परभणीच्या हकिमानं उजव्या बरगडीखाली दाबून बजावलं होतं, "जिगर, म्हणजे यकृत सुजलंय. शिंदी सोडा, नाहीतर पायच चुगली करतील." आबासाहेबांनी हकीम सोडला. वर या घरी निरोप धाडला, की पोखर्णीच्या नरसिंहापुढं शपथ घेतलीय, दारूच्या थेंबाला शिवत नाही. मुलाची, बन्सीधरची, पहिली सोयरीक बापाच्या तोंडाच्या वासानं मोडली होती. हीही मोडली, तर पोराला पोरगी देणार कोण?

चंद्रभाननं शेवटचा हिसका दिला. बूट सुटला आणि तो छातीशी कवटाळून मुलीचा मामा सुपारीच्या तबकावर धाडकन बसला. बुटातून बाहेर आला तो पाय कसला, परातीतलं फुगलेलं पीठ.

"चालून चालून सुजला," आबासाहेब म्हणाले.

"बोरी गावावरनं तुमी गाडीत आलात की," मुलीचे वडील व्यंकटराव म्हणाले.

"बसून बसून म्हणायचं व्हतं मला."

धुरपताबाईनं पाणी घातलं. घोट्यावर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला.

"माज्या बापाचे पाय असेच झाले व्हते," ती हळूच म्हणाली.

"मग? उतरले का?"

तिनं लेकराचा पुसावा तसा पाय पुसला.

"सुपारी फोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "पोराची चौकशी केलीय मी. ते थेंबाला न्हाई शिवत."

आबासाहेबांचा जीव भांड्यात पडला. आवाजही चढला. "लगीन वैशाखात! सुगी उरकली की बँड लावून!"

"न्हाई. ह्याच आठवड्यात."

"एवढी घाई? पोरगी पळून चाललीय का काय, ईवाईनबाई?"

धुरपताबाईनं परात उचलली.

"मांडवात नवरदेवाचा बाप पायजे."

आबासाहेब मोठ्यानं हसले. मग त्यांनी खाली पाहिलं. खळगा अजून भरला नव्हता.