उंबऱ्यावर नाव

आमच्या घरातल्या खोल्या मंगळवारी वेगवेगळ्या देशांत गेल्या. मी घाबरलो नाही. पासपोर्ट नवा होता आणि सिगारेटचे कायदे मला सगळीकडचे तोंडपाठ आहेत.

बेडरूममध्ये बसून ओढता येते, चालताना नाही. गॅलरीत खुशाल ओढा. हॉल आपल्याच देशात राहिला, पण तिथे शेजारी येऊन बसले, म्हणजे सार्वजनिक जागा झाली. स्वयंपाकघराचा देश सगळ्यात कडक. तिथे धूर नेणंसुद्धा गुन्हा, आणि तो ज्याच्या तोंडून निघेल त्याला कायमचं बाहेर काढतात. माझी बायको कुमुद पिठलं करायला आत गेली होती, ती तिथलीच झाली. तिने जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही, त्यामुळे तिला लगेच ठेवून घेतलं.

आज संध्याकाळी गॅलरीत मी शेवटचा झुरका घेतला आणि कुमुदची हाक आली.

"अहो, सीमा बंद होतेय! येणार असाल तर आत्ता या, नाहीतर मी इकडेच राहिले."

तिच्याशिवाय मला एक घासही जात नाही. धूर सोडायलाही न थांबता मी तोंड मिटून धावलो. हॉलमध्ये शेजारी होते, धूर सोडता येईना. पुढचा पॅसेज गावाच्या रस्त्याएवढा लांबला होता आणि तो कुठल्याच देशाचा नव्हता, त्यामुळे परवानगी द्यायलाही कोणी नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात माझी धाकटी बहीण वत्सला खाकी गणवेशात उभी होती. लग्नाच्या दिवशीही तिनेच दार अडवलं होतं.

"दादा, नाव घे. मगच आत."

कुमुद ओट्यापाशी ताट वाढून उभी होती. दार हळूहळू अरुंद होत होतं.

"घ्या ना हो," ती म्हणाली. "एवढे लाजताय काय?"

मी हार मानणारा माणूस नाही. सगळा धूर गिळला. पोटात ऊब गेली आणि तोंड स्वच्छ झालं. मग मी खणखणीत आवाजात म्हणालो,

"चांदीच्या ताटात बत्तासे, दाराला पितळी कडी,
कुमुदचं नाव घेतो, वाट सोड थोडी."

धुराचा एक कणही निघाला नाही. वत्सला हसली, बाजूला झाली. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

"या," म्हणायला कुमुदने तोंड उघडलं, आणि धूर तिच्या तोंडातून निघाला, निळसर, सावकाश, संपेचना. वत्सला तिच्याकडे वळली.