क्लेमचे यकृत आणि घोडीची पूड

मित्रांनो, उजव्या बरगड्यांखाली हात ठेवा आणि डोळे मिटा. आता कल्पना करा, की तिथे एक कारखाना आहे. त्याला भोंगा नाही, सुट्टी नाही, खिडकीही नाही. तुम्ही झोपता तेव्हा तो चालू असतो. तुम्ही जेवता तेव्हा तर त्याची नुसती धांदल उडते.

मी तसाच एक कारखाना आहे. मी एक जुने यकृत आहे, एकाहत्तर वर्षांचे. क्लेम हॅलोरन नावाच्या माणसाच्या पोटात मी राहते. क्लेम राहतो ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या पश्चिमेला, गुरांच्या रानात. तिथून शेजाऱ्याचे घर गाठायला अर्धा दिवस गाडी हाकावी लागते. मला डोळे नाहीत. रक्तातून जे येते ते मला कळते, आणि क्लेमच्या आसपासचे बोलणे बरगड्यांतून ऐकू येते; बाकीचे मागाहून होणाऱ्या गप्पांतून.

माझ्या आत अगणित कारागीर आहेत. पुस्तकात त्यांना विकरे म्हणतात. औषध आले, की ते त्याची मोडतोड करून त्याला बाहेरची वाट दाखवतात. प्रत्येकाचे काम ठरलेले. तरुण क्लेम शनिवारी रम ढोसून यायचा, तेव्हा मी कारागीर वाढवले. त्याला ताप भरला, अंगात दाह उसळला, की वरून हुकूम यायचा आणि मी त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी बसवत असे. याबद्दल मला कोणी कधी शाबासकी दिली नाही. हृदयाला मात्र सगळे कान लावून ऐकत.

सहा वर्षांपूर्वी त्याच लाडक्या हृदयाचा ताल चुकला. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गुलाबी गोळी दिली, रोज एक. रक्त घट्ट राहिले तर गुठळीची भीती, फार पातळ झाले तर रक्त वाहत राहण्याची. मधली वाट अगदी अरुंद. माझे एका जातीचे कारागीर ती वाट सांभाळत. रोज गोळी येई आणि रोज ते तिच्यातला ठरावीक भाग मोडून टाकत. दर दुसऱ्या मंगळवारी डॉक्टरीणबाई छोट्या विमानाने येत, बोटातून रक्ताचा थेंब घेत आणि म्हणत, "झकास, क्लेम!"

क्लेमला वाटे, आपलीच करामत.

यंदा त्याचा गुडघा सुजला, आणि नेमकी गुरे वळवण्याची स्पर्धा दहा दिवसांवर आलेली. मॅग्पाय नावाच्या आपल्या म्हाताऱ्या घोडीवर बसून त्याला एकदाच, शेवटचे, नातीबरोबर मैदानात उतरायचे होते. नात म्हणजे ब्राइडी, नऊ वर्षांची.

नाल ठोकणारा स्टॅन हसून म्हणाला, "लेका, मॅग्पायलाही संधिवात आहे. पण चमचाभर पूड दिली की पोरीसारखी नाचते. तुझ्यापेक्षा तीच बरी!"

गंमत होती ती. पण स्टॅन गेल्यावर क्लेम तबेल्यात गेला. त्याने घोडीच्या डब्यातली सूज उतरवणारी पूड चिमूटभर घेतली, पाकात कालवली आणि पावाला लावून खाल्ली. पुढे रोज सकाळी तेच.

"पॉप, ते मॅग्पायचं आहे!" दारातून ब्राइडी आजोबाला म्हणाली.

"मग काय झालं? ती काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस. तुझ्या आईला कळलं तर मला खोगिराला हातसुद्धा लावू देणार नाही. शब्द?"

"शब्द," ब्राइडी म्हणाली. पण जरा थांबून.

गुडघ्याची सूज खरेच उतरली. क्लेम शीळ घालत हिंडू लागला. इकडे माझी मात्र झोप उडाली, म्हणजे असती तर उडाली असती. त्या पुडीने गुलाबी गोळी मोडणाऱ्या कारागिरांचेच हात धरून ठेवले. आज आलेली गोळी नीट मोडली गेली नाही. उद्याची तिच्यावर येऊन पडली. परवाची तिच्यावर. पूडही लवकर जाईना. मी इकडून तिकडे कारागीर शोधत होते. हाक मारावी म्हटले, तर मला आवाज नाही.

सोमवारी दवाखान्यातून परिचारिकेचा फोन आला. "नवीन औषध काही सुरू केलंय का?"

"छे, काही नाही!" क्लेम म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता, मित्रांनो. त्या रानात घरातल्या कपाटात असते ते माणसाचे औषध, आणि तबेल्यात असते तो घोड्याचा खुराक. खुराकाला औषध कोण म्हणतो? पण माझ्या दारात दोन कपाटे नाहीत. कुठूनही आलेले सगळे एकाच रांगेत उभे राहतात. म्हणून एवढेच मागते: जे पोटात गेले, ते विचारणाऱ्याला सगळे सांगा. वनस्पतीचा काढा असो, शेजाऱ्याने दिलेली गोळी असो, की घोडीची पूड.

बुधवारी दात घासताना क्लेमच्या हिरड्यांतून रक्त आले. ब्राइडीने ते पाहिले आणि मग त्याच्या दंडावरचा जांभळा डागही. "फाटक लागलं," तो म्हणाला. शुक्रवारी सकाळी क्लेम मॅग्पायवर खोगीर चढवत असताना घोडीने नुसती मान हलवली आणि ती त्याच्या नाकाला लागली. रक्त सुरू झाले. रुमाल भिजला, टॉवेल भिजला, तरी थांबेना. ब्राइडीची आई गुरांमागे लांब गेलेली. जवळ एकटा स्टॅन, स्पर्धेआधी नाल तपासायला आलेला.

"बसलो की थांबेल," क्लेम म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. मला रक्त कमी पोहोचू लागले होते.

ब्राइडी तबेल्याकडे धावली. पुडीचा डबा काखेत मारून आली आणि तिने फोन उचलला.

"ठेव तो," क्लेम म्हणाला. "शब्द दिला होतास."

तिने त्याच्याकडे पाठ केली. "डॉक्टरीणबाई, मी ब्राइडी. पॉपचं रक्त थांबत नाहीये. तो गुलाबी गोळी घेतो. आणि आठ दिवस मॅग्पायची पूडही खातोय. नाव वाचू? कठीण आहे, पण एकेक अक्षर सांगते."

तिने सांगितले. मग बाई म्हणाल्या, "शाब्बास. त्याला पुढे वाकवून बसवा, नाक घट्ट दाबून धरा. मी निघाले. धावपट्टी मोकळी आहे का?"

"तिथे गुरं बसलीत!"

"अरे, मी गंमत केली होती रे," स्टॅन क्लेमचे नाक दाबत पुटपुटला. मग ब्राइडीला म्हणाला, "पोरी, धावपट्टीवर गाडी तूच ने, कुरणात चालवतेस तशी. मी ह्याला सोडलं तर हा उठून घोडीवर बसेल."

ब्राइडीने मॅग्पायचे खोगीर उतरवले. गाडीच्या आसनावर ते ठेवून ती त्यावर चढून बसली, म्हणजे काचेतून दिसेल. मग भोंगा वाजवत, धूळ उडवत, ती धावपट्टीवरची गुरे वळवत निघाली.