मन ठरलं नाही

श्यामरावांनी झेरॉक्सवरची सहावी ओळ लाल पेनाने खोडली आणि मनातल्या मनात बाईंची क्षमा मागितली.

मंदाकिनीबाई ऐंशीच्या झाल्या, म्हणून नव्या पेठेतल्या योगकेंद्राने त्यांची साधनेची डायरी छापायची ठरवली होती. ती उतरवून काढायचं काम एकमताने श्यामरावांकडे आलं. कात्रजहून येताना बसमध्ये त्यांनी ही बातमी तीन अनोळखी माणसांना ऐकवली. एकोणीस वर्षांचा पट्टशिष्य, छाती फुगणारच की!

पण डायरी उघडली आणि पंचाईत झाली. 'आज चाळीस मिनिटं बसले. मन ठरलं नाही. आमटीत मीठ घातलं का, हेच डोक्यात.' दुसऱ्या दिवशी तेच. यजमान गेले त्या महिन्यात, 'बसले. रडले. मन ठरलं नाही.' अशी एकेचाळीस वर्षं. हे छापायचं? बाईंच्या पायांवर डोकं ठेवणारी माणसं काय म्हणतील? शिवाय बाईंची समाधी, तो प्रकाश, हे सगळं नव्या लोकांना रंगवून कोण सांगत आलं होतं? श्यामरावच.

तर त्यांनी तेवढी ओळ सगळीकडून काढली आणि सकाळचा वर्ग सुटल्यावर स्वच्छ प्रत बाईंपुढे ठेवली. बँकेतली पूर्णिमा तेवढी मागे थांबली होती. दोन महिन्यांपूर्वीच वर्गाला येऊ लागलेली. तिला बाईंशी काही बोलायचं होतं.

बाईंनी चष्मा लावून चार पानं वाचली.

"कोण हो या?"

"आपणच, बाई."

"असं? एकदा ओळख करून द्या. फारच पोचलेल्या दिसतात."

श्यामरावांनी लाल पेन खिशात सरकवलं.

"लोकांचा आपल्याबद्दल गैरसमज होईल, म्हणून..."

"तो झालेलाच आहे. तुम्ही करून दिलेला." बाईंनी मूळ वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "मला या वह्यांचा अभिमान आहे, श्यामराव. मुलगा इंजिनियर झाला तेव्हाही एवढा वाटला नव्हता. मन ठरलं नाही आणि दुसऱ्या दिवशी परत बसले. नेमकं तेच तुम्ही काढून टाकलंत."

श्यामराव प्रत गोळा करू लागले.

"तुमचं ठरतं?"

एकोणीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायची कुणाची टाप होती? त्यांनी पूर्णिमाकडे पाहिलं. कालच तिला त्यांनी त्या प्रकाशाबद्दल अर्धा तास ऐकवलं होतं.

"नाही," ते म्हणाले. मग तिला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, "एक दिवससुद्धा नाही."

लाज वाटायला हवी होती. उलट आपण या बाईंचे शिष्य आहोत, याचा असा अभिमान त्यांना आजवर वाटला नव्हता.

पूर्णिमा पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत उभी होती.

"मला वाटलं, माझ्या एकटीचंच ठरत नाही," ती म्हणाली. "उद्यापासून येणार नाही, एवढंच सांगायला थांबले होते, बाई."

"मग?"

"उद्या पहाटे साडेपाचला ना? येते."