लोर्विनियाचा लांडगा

"कान धर," मी म्हटलं, आणि लोर्विनियानं उजवा कान बोटांनी दुमडून खाली धरला. केस सरळ करायला शेगडीवर तापवलेला लोखंडी कंगवा कानाच्या अगदी कडेनं फिरवावा लागतो. तेवढा वेळ खुर्चीतल्या बाईनं श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. ही बया नेमकी तेव्हाच बोलली.

"व्हर्डेल, तो बोलत नाहीये माझ्याशी."

"कोण?"

"मला नवरे आहेत तरी किती गं?"

"हलू नकोस. भाजशील आणि माझ्या नावानं खडे फोडशील. काय झालं?"

"मी त्याला उद्याची कविता म्हणून दाखवली. सकाळी लापशी खात होता. कवितेत लांडगा आला तसा त्यानं चमचा खाली ठेवला. बशी धुतली, डबा उचलला नि कामावर गेला. तेव्हापासून मूग गिळून बसलाय. घरात नुसते दरवाजे बोलतायत."

"आणि उरलेली कविता?"

"ऐकलीच नाही. अर्ध्यात उठला."

मी कंगवा परत शेगडीवर ठेवला.

लोर्विनिया टीग शाळेच्या स्वयंपाकघरात मोठाली पातेली ढवळते. मेकन शहरात आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीतलं एकही पोर नसेल ज्यानं तिच्या हातची लापशी खाल्ली नाही. पातेलं ढवळता ढवळता ती कविता रचते, आणि शनिवारी माझ्या खुर्चीत बसून म्हणून दाखवते. सगळ्या परीकथांच्या. झोपलेली राजकन्या, आरशाशी बोलणारी राणी, काचेचा बूट. पण तिची राजकन्या आमच्यासारखी असते. रात्री केसांना फडकं बांधून झोपते, आणि राजपुत्र आला तर आधी त्याला हात धुवायला लावते. एकदा मी म्हटलं, "माझ्या दुकानातल्या आरशाला कुणी विचारलं ना, सगळ्यात सुंदर कोण, तर तो म्हणेल, बाई, आधी केस धुऊन ये." तर तिनं तेही कवितेत घातलं.

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आम्ही एकाच शाळेत होतो. नाटकात राजकन्या कोण, तर युलाली, सायीच्या रंगाची. लोर्विनियाला झाड केलं. शिकवणाऱ्या बाई आमच्यातल्याच होत्या बरं का, कुणी बाहेरच्या नव्हत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. लोर्विनिया सबंध नाटकभर हात पसरून उभी राहिली आणि युलालीचे सगळे संवाद तिला पाठ झाले.

ती युलाली आता आमच्या पास्टरांची बायको आहे, आणि त्या शनिवारी ती माझ्याच दुकानात कोपऱ्यातल्या ड्रायरखाली बसली होती. ड्रायर चालू असला की ऐकू येत नाही असं आपण समजतो. तिनं तो बंद केला.

"लोर्विनिया, उद्या लांडगा म्हणणार आहेस?"

"म्हणणार आहे."

"महिलादिनाचा कार्यक्रम आहे, बाई. चर्चमध्ये लाल टोपीवालीची परीकथा कशाला? आईवर म्हण काहीतरी. लिलीच्या फुलांवर म्हण."

"मला लिलीतलं काय कळतं, युलाली? मला भेंडी कळते."

"आणि लांडगा कळतो?"

"मेंढरं आहेत तिथं लांडगा येतोच. बायबल काढून बघ."

मला हसू आवरेना. युलालीला आवरलं. ती उठून आरशासमोर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लोक होजियाकडे बघतील गं. तो दारातच उभा असणार. मी वाईट सांगत नाहीये."

ती वाईट सांगत नव्हती, तेच तर दुखत होतं.

होजिया टीग, लोर्विनियाचा नवरा. दारातून आत आला की दार भरून जातं एवढा मोठा, आणि काळा, आमच्यातही उठून दिसेल असा काळा. पोरगा होता तेव्हा घरोघर बर्फ पोचवायचा. एका गोऱ्या बाईच्या मागच्या ओसरीवर बर्फाची लादी खांद्यावर घेऊन उभा राहिला. बर्फ तिनंच मागवलेला. जाळीतून त्याला पाहिलं आणि ती किंचाळली, जनावर, जनावर! पोलिसांनी रात्रभर कोठडीत ठेवला, मारला, आणि सकाळी गैरसमज झाला म्हणून सोडून दिला. ती बाई नंतर म्हणे म्हणाली की अंधुक उजेडात लांडग्यासारखंच दिसलं काहीतरी. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

तेव्हापासून रस्त्यानं चालताना पुढं कुणी एकटं असलं की होजिया खिशातल्या किल्ल्या वाजवतो. आपण मागं आहोत हे आधीच कळावं, कुणी दचकू नये म्हणून. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणतात ना, या माणसानं ती स्वतःच बांधून घेतली. आता केस पिकले, टायर रिमोल्डच्या कारखान्यात पाठ वाकली, तरी किल्ल्या वाजतातच.

"शब्द बदल ना," मी लोर्विनियाला म्हटलं. "अस्वल घाल."

"अस्वल म्हणून कुणी मारलं नाही त्याला."

"मग म्हणूच नकोस ती कविता. नवऱ्यापेक्षा मोठी आहे का?"

तिनं मान वळवली. डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. "व्हर्डेल, त्याच्यावर जन्मात कुणी कविता केली नाही. मी केली. तो शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे, फक्त कुणी बोलत नाही. मला तो सगळ्यांसमोर काढून फेकायचाय. न उच्चारता कसा फेकू?"

मी तिला दुसरा कान धरायला सांगितलं.

रविवारी दुपारी मी मुद्दाम लवकर गेले. होजिया चर्चच्या दारामागं पांढरे हातमोजे चढवत होता. आमच्याकडे दारावरचे सेवेकरी असतात, त्यांना अशर म्हणतात. पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागं, आणि तोंडातून शब्द नाही. सगळं हाताच्या खुणांनी. एक बोट वर केलं की एक जागा रिकामी, दोन केली की दोन. कुणी पुढं उभं राहून बोलत असलं तर दार बंद, मग बाहेर खुद्द गव्हर्नर येऊन उभा का राहीना. होजिया हे काम माझं लग्न व्हायच्या आधीपासून करतोय. त्याच्या हातमोज्यावर कधी डाग पाहिला नाही मी.

"ब्रदर टीग," मी चर्चच्या रीतीनं हाक मारली, "ती तुमच्यावर जीव टाकते."

"माहीत आहे."

"मग अख्खी ऐकून तरी घ्यायची होती."

तो हातमोज्याचं बटण लावत राहिला. मग म्हणाला, "सिस्टर व्हर्डेल, ते नाव मी रोज पायरीवर ठेवून घरात शिरत आलो. तेवढं एक घर होतं जिथं ते नव्हतं. तिनं ते उचलून माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं."

"वाईटासाठी नाही आणलं हो."

"नसेल. पण आज या लोकांसमोर तिनं ते घेतलं, तर हे हातमोजे मी त्या खिळ्याला अडकवीन आणि बहिणीकडे सव्हानाला जाईन. बॅग गाडीत आहे."

हा माणूस उगाच बोलणाऱ्यातला नाही. मी धावत पुढच्या बाकावर गेले आणि लोर्विनियाला ते सांगितलं. चर्चच्या महिलादिनाला आम्ही सगळ्या नखशिखांत पांढऱ्यात असतो. तीही पांढऱ्यात होती, पण डोक्यावर लालभडक हॅट. तिनं ऐकून घेतलं. हॅटची कड दोनदा चाचपली.

"बॅगेत स्वेटर घेतलाय का त्यानं?" तिनं विचारलं. "सव्हानाला समुद्राचा वारा असतो."

"लोर्विनिया!"

"म्हणायची आहे मला, व्हर्डेल. नाही म्हटली तर तो राहील, पण ते नाव पण राहील. आमच्या दोघांच्या मध्ये झोपेल ते."

तिचं नाव पुकारलं तेव्हा उकाडा मी म्हणत होता. सगळीकडे पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. ती पुढं गेली. हातात कागद नव्हता. उभी राहून पुन्हा हॅटची कड चाचपू लागली. मागून कुणी म्हातारी म्हणाली, "सावकाश, पोरी, सावकाश. घाई नाही कुणाला."

मग तिनं सुरू केलं.

*आजी म्हणाली, कडी लाव.*
*जंगलात एक आहे, काळा, थोरला.*
*आई म्हणाली, लाल घालू नकोस,*
*आपल्याला लाल शोभत नाही, आणि दिसतं लांबून.*

"खरंय गं बाई!" मागून आवाज आला. बायका हसल्या. मी मात्र वळून दाराकडे बघत होते.

*मी कडी लावली, लाल घातलं,*
*आणि वाट पाहिली.*
*मग एके संध्याकाळी पायरी वाजली.*
*लांडगा माझ्या दारी आला.*

पंखे थांबले. कुणी मान वळवली नाही, पण सगळे होजियाकडेच बघत होते. न वळता बघता येतं, आम्हा लोकांना ते चांगलं जमतं. युलालीनं डोळे मिटून घेतले.

होजियानं उजव्या हातमोज्याचं एकेक बोट ओढून सैल केलं. हातमोजा काढला, खिळ्याला अडकवला, आणि उघड्या हातानं दाराची कडी धरली. गेला, मी मनात म्हटलं. संपलं.

तेवढ्यात बाहेरून दार ढकललं गेलं. उशिरा आलेलं कुणीतरी होतं, एक म्हातारी काठी टेकत, बरोबर दोन नातवंडं. होजियाला बाहेर पडायचं तर त्यांना आत घ्यावं लागणार. आणि पुढं उभं राहून कुणीतरी बोलत होतं. बोलणाऱ्याच्या मध्ये दार उघडत नाही. त्यानं क्षणभर म्हातारीकडे पाहिलं. मग उघडा पंजा तिच्यासमोर धरला, थांबा. दार लोटून घेतलं, त्याला पाठ लावली आणि डावा हात मागं घेतला. त्याचा चेहरा आता सरळ तिच्याकडे होता. जायचं होतं त्याला, पण रीत मोडवेना.

लोर्विनियानं ते सगळं पाहिलं होतं. ती थांबली होती. आता ती फक्त त्याच्याशी बोलू लागली.

*मी फटीतून पाहिलं.*
*पायपुसण्यावर उभा होता, बूट काढून हातात,*
*दुसऱ्या हातात आजारी आजीसाठी सूप,*
*सांडू नये म्हणून श्वास धरलेला.*
*मी विचारलं, तुला लांडगा म्हणालं कोण?*
*म्हणाला, गोष्ट ज्यांनी लिहिली त्यांनी.*
*मग मी त्यांची गोष्ट चुलीत घातली,*
*तिच्यावरच सूप गरम केलं.*
*आजी प्याली. आजी म्हणाली, दारात कोण आहे गं?*
*मी म्हटलं, माझा माणूस आहे.*
*आत येऊ दे.*

सूप खरंच आणलं होतं त्यानं, लग्नाआधी. तिची आजी शेवटच्या दुखण्यात होती. हे आम्हा दोघीतिघींनाच ठाऊक होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. मागची ती म्हातारीच म्हणाली, "आत येऊ दे, देवा, आत येऊ दे," आणि मग बाकावरून बाकावर तेच सुरू झालं, आत येऊ दे, आत येऊ दे. युलालीनं नुसता चष्मा पुसला. तिच्या मानानं ते पुष्कळ.

होजियानं दार उघडलं. काठीवाली म्हातारी नातवंडांना ओढत तरातरा पुढं आली आणि दिसेल त्या रिकाम्या जागेवर बसली. ती जागा लोर्विनियाची होती. लोर्विनिया मधल्या वाटेत उभी राहिली, लाल हॅट घालून, सगळ्यांच्या नजरेसमोर, कुठं बसावं ते न कळून.

शेवटच्या बाकाजवळून एक हात वर झाला. हातमोजा नसलेला. त्याचं एक बोट.

एक जागा रिकामी आहे.

ती सबंध वाट चालत गेली. त्यानं तिला बाकाच्या टोकाला बसवलं, आणि स्वतः शेजारी उभा राहिला, डावा हात पाठीमागं. मी आपली नाक पुसत बसले, लपवायचं कशाला.

संध्याकाळी तळलेली मासळी आणि रताळ्याची गोड पेस्ट्री खाऊन लोक पांगले. मी पायरीवर उभी राहून बघत होते. होजियानं गाडीतून बॅग काढली आणि खांद्याला लावली. गाडी युलालीच्या पाहुण्यांना घरी सोडायला दिली आणि दोघं पायीच घराकडे निघाली, टेकडी उतरून.

त्यांच्या पुढं एक गोरी बाई कुत्रं घेऊन चालली होती. होजियाचा हात खिशात गेला, आणि किल्ल्या वाजू लागल्या. व्हायचं तेच. कवितेनं रस्ता थोडाच बदलतो.

लोर्विनिया थांबली. तिनं पर्स उघडली, आतून स्वतःच्या किल्ल्या काढल्या, आणि त्याच्या बरोबरीनं चालत त्याही वाजवू लागली.