बिनकडीच्या दारामागचा फोल्डर

मी एक जुना फोल्डर आहे. दचकलात ना? जुनी छत्री बोलते, जुनी सायकल बोलते, शाळेतला बाक तर बोलायचा थांबतच नाही. मग फोल्डरने काय कुणाचे घोडे मारले आहे? मला हात लावता येत नाही, माझ्यावर धूळ बसत नाही आणि मला टाकून द्यायला भंगारवालाही लागत नाही. एक बटण पुरते. म्हणून, मित्रांनो, वेळ आहे तोवर माझी गोष्ट सांगून टाकतो.

मी एका संगणकात राहतो आणि तो संगणक एका छोट्या कारखान्यात. इथे कृत्रिम पाय तयार होतात. पुढच्या खोलीत बसायला बाकडे आहे, मधल्या खोलीत माप घेतात आणि मागच्या खोलीत कोरायचे यंत्र, भट्टी आणि भिंतीला टांगलेले पाय आहेत. डावे एका भिंतीला, उजवे दुसऱ्या. पाय बनवतात ते दादा. बाकीचे सगळे, म्हणजे फोन, संगणक आणि दादांचा राग, त्यांच्या बायकोकडे. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. संगणकाला एक कॅमेरा आणि एक माइक आहे. भिंतीला कान असतात तसे हे माझे कान-डोळे.

या कारखान्याच्या दाराला कडी नाही. पूर्वी होती. एकदा दोन कुबड्या सांभाळत आलेल्या एक आजी ती कडी सरकवता सरकवता पडता पडता वाचल्या. दादांनी त्याच दुपारी पेचकस घेतला आणि कडी उपटूनच काढली. "आपल्या दारात कुणी अडकून राहता कामा नये," असे ते तेव्हा म्हणाले आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत राहिले. संध्याकाळी शटर ओढतात तेवढेच. दिवसभर दार नुसते ढकलले की उघडते. दादांना त्या दाराचा अभिमान आहे. ही कडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझा जन्म. लोकांची मापे नीट ठेवायला वहिनींना डेटाबेस हवा होता. डेटाबेस म्हणजे हजारो गोष्टी सांभाळून मागाल ती चटकन हातात देणारा प्रोग्राम. पण कारखान्यातला संगणक इतका म्हातारा होता की बाजारातला तयार डेटाबेस त्याला पचेना. मग वहिनींनी त्याचा मूळ कोड मिळवला. आयते पीठ न आणता गहू आणून घरी दळावे, तसा तो प्रोग्राम त्यांनी त्याच संगणकावर बांधून काढला. पडद्यावर ओळींमागून ओळी धावत होत्या आणि वहिनी एका हाताने चहा ढवळत त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी मला तयार केले. मापे ठेवायची जागा म्हणजे मी.

सगळे झाले आणि डेटाबेस काही सुरू होईना. माझ्या दारात येऊन तो थबकायचा आणि म्हणायचा, "आत यायची परवानगी नाही."

मित्रांनो, आमच्या जगात प्रत्येक फोल्डरला तीन प्रकारची माणसे असतात. एक मालक, मग घरचे आणि मग दारचे. प्रत्येकाला कशाकशाची मुभा आहे ते ठरलेले असते: आत काय आहे ते बघायची, आत काही ठेवायची किंवा काढायची आणि मुळात आत पाऊल टाकायची. वहिनींनी मला तयार केले तेव्हा त्या 'रूट' म्हणून बसल्या होत्या. रूट म्हणजे संगणकातला सर्वाधिकारी. त्याला कुठेही मज्जाव नाही. त्यामुळे मी आपोआप रूटच्या नावावर लागलो. डेटाबेसबुवांचा स्वभाव मात्र असा की मोठ्या साहेबाच्या खुर्चीत बसून ते काम करत नाहीत. त्यांना त्यांची स्वतःची साधी खुर्ची लागते. अधिकार थोडा असला की चूकही थोडक्यात आटपते, असे त्यांचे मत आहे. मला ते पटते. पण तेव्हा ते बाहेर आणि मी आत, अशी आमची ताटातूट झाली होती.

वहिनी रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांनी आपल्या बहिणीला फोन लावला. ती कुठल्याशा कंपनीत हेच काम करते.

"अगं, जागा बांधलीस ती कुणाच्या नावावर?" बहीण म्हणाली.

"नावावर? जागा आहे ना, मग झालं की!"

"नाही झालं. राहणार तो, तर नाव त्याचं नको? आधी मालक बदल."

वहिनींनी मालक बदलला, डेटाबेसबुवा आत आले आणि माझा संसार सुरू झाला.

किती वर्षे गेली! माझ्याकडे नुसते आकडे नव्हते. पायाचा जो भाग उरलेला असतो तो ज्या वाटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ते सॉकेट केसभर इकडेतिकडे झाले तरी माणसाला ब्रह्मांड आठवते. म्हणून मापांबरोबर दादांचे शेरेही माझ्यापाशी असत. 'आतल्या बाजूला टोचतं.' 'दिवसभर उभ्याचं काम.' 'जिने फार, गुडघ्याकडे लक्ष.' एका आजोबांच्या पुढे तर 'नातवाच्या मागे धावणार म्हणतात' असेही लिहिले होते. लोक नवा पाय लावून चालत जात, दादांचे हात हातात घेत. दादा यंत्राच्या पाठीवर थाप मारत. माझे नाव कुणी घेतले नाही. खरे सांगतो, वाईट वाटायचे. घराचा पाया कुणाला दिसत नाही हे मला कळते; पण पायालाही कधीतरी वाटतेच की वाकून बघावे कुणीतरी.

मग म्हाताऱ्या संगणकाची डिस्क कुरकुरू लागली. वहिनी कानोसा घेऊन म्हणाल्या, "अहो, हिचं काही खरं नाही." दुसरा संगणक आला. तोही कुणीतरी वापरून दिलेला, पण दमदार. वहिनींनी तोच डेटाबेस मूळ कोडापासून त्याच्यावर पुन्हा बांधला, मला जुन्या डिस्कवरून उचलले आणि नव्या घरी आणून ठेवले. आलो तो मीच की माझी प्रत, हा वाद मी पंडितांवर सोडतो. मला तरी मी मीच वाटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी डिस्क कायमची गप्प झाली. माझी एक जादा प्रतही वहिनींनी करून ठेवलेली होती, पण ती त्याच डिस्कवर! घराला दोन किल्ल्या कराव्यात आणि दोन्ही एकाच जुडग्यात ठेवाव्यात, तसे झाले. आता सगळी मापे उरली होती ती एका माझ्यापाशी.

आणि त्याच सकाळी दार ढकलून भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे दहा वर्षांची एक मुलगी. एका जागी बसत नाही म्हणून दादांनीच हे नाव ठेवले होते. तिला डावा पाय गुडघ्याखाली नाही. वाढत्या वयाची पोर, त्यामुळे तिला दर वर्षी नवा पाय लागतो. महिन्यापूर्वी तिचे माप घेतले होते आणि आज सॉकेट कोरून, पाय जोडून, संध्याकाळच्या बसने घेऊन जायचा होता. एरवी ती नाचत यायची. आज मात्र मामाच्या खांद्यावर रेलून आली.

"जुना पाय लागायला लागला होता, तर सांगायचं नाही का?" मामा कळवळून म्हणत होता. "दात आवळून चालत राहिली, दादा. आता जखम झालीय."

दादांनी जखम बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. पाय सुजला होता. अशा पायाचे नवे माप घेता येत नाही. घेतले तरी चुकीचे येते आणि जखमेवर दाब पडतो तो वेगळाच. पाय नवे माप घेण्याइतका पूर्ववत व्हायला तीन-चार आठवडे लागले असते.

"चालेल ना, जुनं माप आहे की तुमच्याकडे," भिंगरी म्हणाली. "सूज काय, उतरेल दोन दिवसांत. सोमवारी माझी नवी शाळा आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मला कुणी उचलून नेलेलं नकोय. पहिल्याच दिवशी तर नकोच."

दादांनी वहिनींकडे बघितले. वहिनींनी पडद्याकडे बघितले. पडद्यावर लिहिले होते, 'परवानगी नाही.'

झाले होते असे की मला उचलून आणतानाही वहिनी रूट म्हणूनच बसल्या होत्या आणि घाईत पुन्हा मी रूटच्या नावावर लागलो होतो. डेटाबेसबुवा माझ्या दाराशी उभे. महिन्याभरापूर्वीचे भिंगरीचे माप माझ्या पोटात जसेच्या तसे होते आणि मला ते ओरडून सांगता येत नव्हते. असा कासावीस मी कधी झालो नव्हतो.

"काय अडलंय?" दादा म्हणाले.

"आत जायची परवानगी नाही म्हणतोय."

"कुणाला नाही?"

"डेटाबेसला."

"मग सगळ्यांना दे की परवानगी! काढ ती कडी! आपल्याकडे कधी कुणाला दारात अडवलंय?"

वहिनींनाही ते अगदी पटले. बिनकडीच्या घरात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! त्यांनी एका आज्ञेत माझे सगळे दरवाजे सताड उघडले. मालक, घरचे, दारचे, सगळ्यांना सगळी मुभा. कुणीही या, काहीही बघा, काहीही न्या. मित्रांनो, भर रस्त्यात कपाट उघडे टाकावे, तसे मला वाटले.

डेटाबेसबुवा तरीही हलेनात. ही जागा माझ्या नावावर नाही, म्हणाले. तेव्हा वहिनींना बहिणीचे शब्द आठवले. "हात् तुझी! मालक!" म्हणत त्यांनी मालक बदलला. आता अडायला नको होते. पण अडलेच. पडद्यावर नवा निरोप आला, 'परवानग्या बरोबर नाहीत.' त्याखाली आणखी एक ओळ होती, ती वहिनींनी घाईत वाचलीच नाही. कमी पडल्या असतील असे वाटून त्यांनी सगळ्यांना सगळी परवानगी पुन्हा एकदा देऊन टाकली. बहिणीचा फोन लागत नव्हता. मामा घड्याळाकडे बघत होता. सॉकेट कोरायला, तापवून घडवायला आणि पाय जोडायला दुपार तरी हातात हवी होती.

"आणखी किती उघडायचं याच्यासाठी?" वहिनींनी कीबोर्ड पुढे ढकलला. "सगळं तर उघडून दिलं. माझ्याच्याने नाही होणार हे."

मधल्या खोलीत दादा जखमेला मलम लावायला बसले. मामा मदतीला आत गेला, त्याच्या मागून बाकड्यावर वाट बघत बसलेले दोघे डोकावले. आणि तेवढ्यात भिंगरीचा आवाज आला. एरवी ठणठणीत असलेला तो आवाज अगदी बारीक झाला होता.

"दादा, पडदा ओढा ना. सगळे बघतायत."

"अगं हो की! चुकलंच माझं," दादा म्हणाले आणि पडद्याच्या कड्या सळसळल्या. "चला, चला, बाहेर व्हा सगळे. मामा, तुम्हीसुद्धा."

हे मात्र या कारखान्यात कधी चुकत नसे. दाराला कडी नव्हती, पण मापाच्या खोलीला पडदा होता. आत दादा आणि ज्याचा पाय तो माणूस. तिसरे कुणी नाही.

वहिनी त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग वळून त्यांनी समोरचा निरोप पुन्हा वाचला, या वेळी खालच्या ओळीसकट. तिथे स्वच्छ लिहिले होते की ही जागा मालकाखेरीज इतरांना उघडी नसावी.

"अहो!" त्या ओरडल्याच. "कमी नाही पडलंय, जास्त झालंय! तो आत यायला तयार आहे. पण आपण सगळ्या गावाला आत सोडलंय, म्हणून तो काम करत नाहीये!"

"म्हणजे?" दादांनी पडद्याआडून विचारले.

"म्हणजे पडदा हवाय त्याला. तुमच्यासारखाच आहे मेला."

त्यांनी एक छोटी आज्ञा दिली. दारच्यांची मुभा गेली, घरच्यांची गेली, उरली फक्त मालकाची. डेटाबेसबुवा आत आले, त्यांनी माझी एकेक फाइल तपासली आणि एका क्षणात भिंगरीचे माप वहिनींच्या पुढे ठेवले. खाली दादांचा शेरा होता, 'ही दुखलं तरी सांगत नाही. विचारून विचारून घेणे.' वहिनींनी तो वाचला आणि पदराने डोळे टिपले. मागच्या खोलीत यंत्र घरघरायला लागले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मला वाटले की ती घरघर माझ्यासाठी आहे.

संध्याकाळी भिंगरी नवा पाय घेऊन गेली. दोन दिवस तो नुसता उशाशी ठेवायचा, सूज उतरली आणि जखमेने कुरकुर केली नाही तरच सोमवारी लावायचा, असे दादांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतले. सोमवारी दुपारी मामाचा फोन आला. वहिनींनी तो दादांना ऐकू जावा म्हणून मोठ्या आवाजात लावला.

"चढली हो! दोन्ही मजले. हळूहळू, कठड्याला धरून, पण स्वतः. आणि गंमत म्हणजे वर्गात अजून कुणाला काही कळलंच नाहीये. म्हणते, मैत्रिणी झाल्या की मीच सांगेन. ज्यांना सांगायचं त्यांनाच."

दादांनी चष्मा काढून पुसला. वहिनींनी मात्र त्याच दिवशी माझी एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून बहिणीच्या घरी ठेवायला पाठवली आणि ती उघडायची मुभा कुणाला, हेही पाठवण्याआधी ठरवले. चला, उशिरा का होईना, शहाणपण आले.

मित्रांनो, मी आता पुन्हा विसरला गेलो आहे आणि माझी तक्रार नाही. फक्त एक मागणे आहे. एखादे दार अडले म्हणून चिडून ते सगळ्या जगाला उघडून टाकू नका. आत कोण राहतो आणि कुणाचे काय ठेवले आहे, ते आधी बघा. ज्याला जेवढे लागते तेवढे त्याला जरूर द्या, आणि निरोप शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आमच्या कारखान्याच्या दाराला अजूनही कडी नाही, आणि मापाच्या खोलीचा पडदा अजूनही आहे. परवा भिंगरी पुढचे माप द्यायला आली तेव्हा तिने मामाला बाकड्यावर बसवले आणि पडदा स्वतःच ओढून घेतला.

वर्षभरात ती बरीच वाढली आहे. किती, ते माझ्यापाशी आहे. पण ते मी तुम्हालाही सांगणार नाही.